बरणीचं कूळ

वरचा अर्धा भाग तपकिरी, खालचा मळकट पांढरा. जिथे दोन रंग भेटतात तिथे किंचित वाकडी रेघ. गोल खांदे, जाड काठ, झाकणाला धरायला छोटी मूठ. लोणच्याची बरणी म्हटलं की महाराष्ट्रातल्या तीन-चार पिढ्यांच्या डोळ्यांपुढे हेच रूप उभं राहतं. तिला आपण चिनीमातीची म्हणतो, परंपरागत म्हणतो, आणि पणजीच्याही आधीपासून ती फडताळात असणार असं धरून चालतो. यातलं एकही विधान तपासायला घेतलं तर फारसं टिकत नाही. ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. बरणीचं शोधायला हरकत नाही, फक्त वाटेत एक-दोन अडचणीचे नातलग भेटतात.

आधी झिलई म्हणजे काय, ते. झिलई म्हणजे मातीच्या भांड्यावर वितळवून बसवलेली काच. काचेचा मूळ पदार्थ वाळूतली सिलिका. ती एकटी वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं आणि तेवढी आच कुठल्याही जुन्या भट्टीच्या आवाक्यात नव्हती. मग तिच्यात सोडा, राख, चुना किंवा शिसं मिसळायचं, म्हणजे ती बऱ्याच कमी तापमानाला पाघळते. वितळलेली काच भांड्यावरून ओघळून जाऊ नये म्हणून थोडी माती. जगातल्या सगळ्या झिलया या तीन गोष्टींच्या प्रमाणाचा खेळ आहेत.

हा खेळ दोन ठिकाणी वेगवेगळा सुरू झाला आणि त्यातून दोन घराणी निघाली. चीनमधल्या लाकडावर चालणाऱ्या भट्ट्यांची आच इतकी वाढली, की उडालेली राख भांड्यांच्या खांद्यांवर बसून तिथल्या मातीशी एकजीव व्हायला लागली. कुंभारांनी ते हेरलं आणि राख मुद्दाम लावायला सुरुवात केली. ही गोष्ट सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. या घराण्यात माती आणि झिलई दोन्ही १२०० अंशांच्या पुढे भाजतात. भांडं दगडासारखं आवळून येतं आणि झिलई नसली तरी सहसा पाझरत नाही. दुसरं घराणं इजिप्त, इराक, इराणचं. तिथे सोडा आणि पुढे शिसं वापरून कमी आचेवर वितळणारी झिलई तयार झाली. तांब्यानं येणारा फिरोजी रंग ही तिची ओळख. दिसायला ती देखणी, पण खालची माती सच्छिद्रच राहते. झिलईला चीर गेली की भांडं प्यायला लागतं. सिंधू संस्कृतीतल्या लोकांनाही काचेचा लेप ठाऊक होता. हडप्पा, मोहेंजोदडोच्या फायन्सच्या बांगड्या आणि मणी त्याची साक्ष आहेत. पण ते कसब दागिन्यांत आणि किरकोळ वस्तूंत राहिलं, रोजच्या भांड्यांवर काही उतरलं नाही.

का नाही उतरलं? आपल्या कुंभाराला जमत नव्हतं, असं एका दमात सांगून मोकळं होण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. गावच्या कुंभाराचा आवा शेणी, भुसा आणि लाकडावर चालतो. आच साधारण ७०० ते ९०० अंश. आणि त्याची माती म्हणजे नदीकाठची वा तळ्यातली, लोह आणि चुना भरपूर असलेली. ती अकराशेच्या आसपास नेली तर आवळून येण्याऐवजी फुगते, बसते, आकार सोडते. म्हणजे चिनी घराण्याचं दार मातीनंच बंद केलेलं होतं. शिवाय गरज काय होती? माठातलं पाणी गार होतं ते तो पाझरतो म्हणूनच. मडकं स्वस्त, फुटलं तर दुसरं. विटाळलं तर फेकून द्यायचं, सणाला नवं आणायचं. बाराबलुतेदारीत कुंभाराचं पोट या नव्या-जुन्याच्या फेऱ्यावर चालायचं. कधीच न बदलावं लागणारं भांडं त्यानं कशासाठी घडवायचं?

अडचण एकाच ठिकाणी यायची, ती मिठाशी. साध्या मडक्यात खारवलेल्या कैऱ्या भरल्या तर खार भिंतीत झिरपतो. बाहेरच्या अंगाला पाणी उडून जातं आणि छिद्रांत मिठाचे स्फटिक वाढतात. घराच्या भिंतीला लागतो तोच लोणा. मडक्याचे पापुद्रे सुटायला लागतात. तेलाचं याच्याही वरचढ, भिंतीत मुरलेलं तेल खवट होतं आणि त्याचा वास पुढच्या वर्षीच्या फोडींना लागतो. तेल-तूप नेण्यासाठी चामड्याचे बुधले होते, पण लोणचं काही बुधल्यात मुरत नाही.

या एका अडचणीवरचा तोडगा समुद्रातून आला. पश्चिम किनाऱ्यावर झिलईची भांडी उतरल्याचे पुरावे जुने आहेत. घारापुरी, चौल या ठिकाणी पश्चिम आशियातल्या फिरोजी झिलईच्या खापऱ्या मिळाल्या आहेत. गोव्याच्या जुन्या शहरात सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांत चिनी निळ्या-पांढऱ्या पोर्सेलीनचे तुकडे सापडले. पण आपल्या बरणीचे खरे पूर्वज या नाजूक पेले-थाळ्यांत शोधू नयेत. ते त्याच जहाजांच्या तळाशी होते, तपकिरी-काळ्या झिलईच्या, कंबरभर उंचीच्या मालवाहू रांजणांत. १९९८ मध्ये इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातलं एक अरबी बांधणीचं जहाज सापडलं. त्यात साठ हजारांच्या आसपास चिनी भांडी होती आणि त्यातले हजारो वाडगे मोठ्या झिलईदार रांजणांत रचून भरलेले होते. म्हणजे रांजण हे तेव्हाचं खोकं होतं. माल उतरला की रिकामा रांजण बंदरात राहायचा आणि कुणाच्या तरी कोठीत पाण्याला, तेलाला, खाराला लागायचा.

ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरातून अशा रांजणांचा इतका व्यापार झाला, की त्यांना बंदराचंच नाव पडलं, मग ते तिथे घडलेले असोत, सयामात असोत की दक्षिण चीनमध्ये. हिंदी मुलखात लोणच्याच्या बरणीला आजही मर्तबान म्हणतात. चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता पूर्वेकडच्या एका राज्याची हकीकत सांगतो. तिथल्या राजकन्येनं त्याला निरोप देताना बऱ्याच भेटी दिल्या. त्यात चार मोठी मर्तबानं होती, समुद्रप्रवासासाठी खारवलेलं आलं, मिरी, लिंबं आणि आंबे यांनी भरलेली. हे राज्य नेमकं कुठलं आणि तो तिथे खरंच गेला होता का, यावर अभ्यासकांना शंका आहेत. पण लोणचं आणि झिलईची बरणी ही जोडी त्याच्या वाचकांना इतकी ओळखीची होती, की तो ती जाता जाता सांगतो. आंबा, लिंबू, आलं, मिरी. मसाल्याची मोहरी घातली की यादी आपलीच.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसानं मर्तबानच्या काळ्या झिलईच्या भल्याथोरल्या रांजणांची नोंद केली. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच लिन्स्कोटन सांगतो की हे रांजण हिंदुस्थानभर पसरलेले होते आणि जहाजांवर पाणी, तेल, दारू साठवायला लाकडी पिंपांऐवजी तेच वापरत. अर्थात घाटावरच्या सामान्य घरात यातलं काही पोचत नव्हतं. वस्तू होती, तिचं घराणं मात्र इथे रुजलेलं नव्हतं.

दुसरं, इराणी घराणं जमिनीवरून आणि समुद्रावरून दख्खनेत आलं, पण ते स्वयंपाकघरात न शिरता भिंतींवर चढलं. बिदरला बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा १४७२ चा. त्याच्या दर्शनी भिंतीवर इराणी पद्धतीच्या रंगीत झिलईच्या फरशा होत्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात अर्धा मदरसा उडाला, तरी उरलेल्या भिंतीवर निळे-पांढरे-पिवळे पट्टे अजून दिसतात. दौलताबादच्या किल्ल्यात चांदमिनाराला एके काळी अशाच फरशा होत्या, आणि चिनी महालाला तर नावच त्यांच्यामुळे मिळालं. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर कुतुबशाहीचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानं तिथेच कैदेत ठेवलं. बहमनी राज्य गेलं, पुढच्या शाह्या गेल्या, आणि दरबारी खर्चावर जगणारी ही कला दख्खनेत विरून गेली. तिच्या भट्टीशेजारी राहणारा गावचा कुंभार तिच्यापासून काही शिकल्याचं दिसत नाही. राजाश्रयाची ही जुनी खोड, वर चमकतं, खाली झिरपत नाही.

मुलतान आणि सिंधमध्ये मात्र हे घराणं टिकलं. सिंधमधल्या हाला गावच्या काशीगरांच्या हातात ते एकोणिसाव्या शतकापर्यंत जिवंत होतं. वाळू, सज्जीखार आणि मुरदाडशिंग म्हणजे शिशाचं भस्म, निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं. इथून एक फाटा मुंबईला आला.

सर जमशेटजी जिजीभाईंच्या एक लाखाच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी १८७० च्या दशकात शाळेत कुंभारकामाचा विभाग काढला आणि त्यासाठी सिंधमधून कारागीर आणले. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. साहजिकच अजिंठ्याच्या वेलबुट्ट्या आणि आकृत्या सिंधी निळ्या-हिरव्या झिलईखाली फुलदाण्यांवर उतरल्या. पुढे टेरींनी ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावानं स्वतःचा उद्योगही चालवला. ही भांडी विलायतेच्या प्रदर्शनांत गाजली. जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात त्यांची दखल घेतली. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आजही ती पाहायला मिळतात, आणि पाहावीतच. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ती दिवाणखान्याची भांडी. त्यांत लोणचं भरलं असतं तर कैरीच्या आंबटपणानं झिलईतलं शिसं सुटून खारात उतरलं असतं. जयपूरची निळी भांडी याच घराण्याची चुलत बहीण. तिच्यात तर मुळात माती जवळजवळ नसतेच, गारगोटीची पूड, काचेची पूड, मुलतानी माती आणि डिंक यांचा तो लगदा. तीही शोभेची.

याच कलाशाळेत १८६५ मध्ये शिल्पकलेचे शिक्षक म्हणून आलेले लॉकवूड किपलिंग इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरच्या भांडी-कारखान्यांत काम शिकलेले होते. मुलाचं नाव रुडयार्ड ठेवलं तेही त्या भागातल्या तळ्यावरून. हा तपशील लोणच्याला थेट लागू नाही, पण मुंबईचं कुंभारकाम तेव्हा कुठल्या दोन टोकांमध्ये ओढलं जात होतं, ते त्यावरून कळतं. हाला एका बाजूला, स्टॅफर्डशायर दुसऱ्या. आपली बरणी दुसऱ्या बाजूनं आली.

युरोपात उंच आचेची भांडी ऱ्हाइन नदीकाठच्या जर्मन कुंभारांनी मध्ययुगात साधली आणि झिलईची एक वेगळीच युक्ती काढली. भट्टी १२०० अंशांच्या वर गेली की वरच्या भोकांतून फावड्यानं मीठ आत टाकायचं. मिठाची वाफ होते, त्यातला सोडियम भांड्यांच्या मातीतल्या सिलिकेशी जोडला जातो आणि पृष्ठभागावर आपोआप काच धरते, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळगे असलेली. उरलेला क्लोरिनचा भाग आम्लाच्या पांढऱ्या ढगाच्या रूपानं धुराड्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नाकात जातो. जॉन ड्वाइटनं १६७२ मध्ये इंग्लंडात या भांड्यांचं पेटंट घेतलं. आता अडचणीचा नातलग येतो. १८४६ मध्ये हेन्री डल्टननं लंडनजवळ लँबेथला याच मीठ-झिलईच्या सांडपाण्याच्या नळांचा कारखाना काढला. कॉलऱ्यानं गांजलेल्या शहरांना न पाझरणारे, आम्लानं न खाल्ले जाणारे नळ हवे होते. ज्या गुणांसाठी बरणी घ्यायची, त्याच गुणांसाठी गटाराचा नळ घ्यायचा. सोवळ्याच्या कोठीतली बरणी आणि रस्त्याखालचा नळ एका भट्टीची भावंडं आहेत, हे पणज्यांना कुणी सांगितलं नाही ते बरंच झालं.

मिठाची वाफ अरुंद तोंडाच्या भांड्यात आतवर नीट पोचत नाही, ही त्या पद्धतीची उणीव. ती भरून काढली ब्रिस्टलच्या विल्यम पॉवेलनं. १८३५ मध्ये त्यानं फेल्डस्पार आणि जस्ताचं भस्म वापरून एक गुळगुळीत, अपारदर्शक झिलई तयार केली. ती द्रव रूपात आतून-बाहेरून लावता येते, मीठ लागत नाही, शिसं लागत नाही, आणि कच्च्या भांड्यावर लावून एकाच भाजणीत काम होतं. पॉवेलच्या बरण्या आणि बाटल्यांचा वरचा भाग लोहाच्या गेरूनं तपकिरी-पिवळा आणि खालचा पांढुरका ठेवायची चाल पडली. दुरंगी जिंजर-बिअरच्या बाटल्या, मुरंब्याच्या बरण्या या रूपात हा माल साऱ्या साम्राज्यात फिरला. आपल्या फडताळातल्या बरणीचा चेहरा हा आहे. चीन तिचा दूरचा पणजोबा खरा, पण नाक-डोळे ब्रिस्टलचे.

हिंदुस्थानात असा माल बनू लागला तो जिथे पांढरी, उष्णता सोसणारी माती आणि दगडी कोळसा जवळ जवळ होते तिथे. बंगालात राणीगंजला बर्न कंपनीचा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आणि भांडी काढत होता. सौराष्ट्रात थानगढला परशुराम गणपुले या मराठी माणसानं तिथली माती पारखून परशुराम पॉटरीचा उद्योग उभा केला, आणि पश्चिम भारतातल्या घराघरांत बरण्या पोचल्या त्यात या मुलखाचा वाटा मोठा. उत्तरेत खुर्जाच्या कुंभारांना दुसऱ्या महायुद्धातल्या सरकारी मागणीनं उंच आचेच्या भांड्यांकडे वळवलं. बरणी घरोघरी झाली ती अशी, कारखान्यातून. म्हणून तिचं वय फार तर शंभर-सव्वाशे वर्षं. आजीची ती खरीच, आजीच्या आजीची सहसा नाही.

कारखान्यातली म्हणून ती यंत्राची मात्र नव्हती. माती हौदात निवळवून, दाबून, मळून घ्यायची. छोटी बरणी फिरत्या प्लास्टरच्या साच्यात पात्यानं दाबून उठवायची, मोठी चाकावर तुकड्यांत ओढून जोडायची. ती पुरेशी सुकली की झिलईच्या टबाशी आणायची. झिलई म्हणजे दाट दुधाएवढं पातळ कालवण, त्यात दगडाची पूड तरंगत ठेवायला सतत ढवळणं आलं. आधी आतून, झिलई ओतायची, बरणी गोल फिरवायची, उरलेली परत टबात. मग कारागीर बरणी बुडाशी धरून, तोंड खाली करून, तपकिरी टबात खांद्याखालपर्यंत सोडतो आणि मनात दोन-तीन आकडे मोजून उचलतो. सुकी माती पाणी शोषते आणि पुडीचा थर जागच्या जागी बसतो. उचलताना मनगटाला एक हिसका, म्हणजे शेवटचा थेंब काठावर गोठत नाही. थर वाळला की उलटी बाजू पांढऱ्या टबात. दोन्ही थर जिथे एकमेकांवर येतात ती रेघ हातानं साधलेली असते, म्हणून ती कधीच सरळ नसते. शेवटी ओल्या स्पंजानं बूड, काठ आणि झाकणाची बैठक पुसून कोरी करायची. नाहीतर वितळलेल्या काचेनं बरणी भट्टीच्या फळीला आणि झाकण बरणीला कायमचं चिकटतं. दादरा बांधताना बोटांना लागणारी झाकणाखालची खरखरीत कड ती हीच. भट्टी चढायला लागतो त्याहून जास्त वेळ उतरायला लागतो. घाई करून दार उघडलं तर गार वाऱ्यानं माल तडकतो.

गावच्या कुंभाराला या घराण्यात आणायचे प्रयत्न झाले. स्वातंत्र्यानंतर खादी-ग्रामोद्योगाच्या चळवळीतून बेळगावजवळ खानापूरला कुंभारकामाचं प्रशिक्षण केंद्र निघालं. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारला. माती आणि कोळसा दोन्ही हाताशी असलेली ती जागा अचूक निवडलेली होती. तिथे कुंभारांना नव्या भट्ट्या, झिलई, सुधारित चाकं शिकवली गेली. आपल्याकडच्या झिलईच्या इतिहासात मला हा टप्पा सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण सुलतानांनी आणि कलाशाळेनं जे केलं नाही ते, म्हणजे कुंभाराला मध्यभागी ठेवणं, इथे झालं. पण उशीर झाला होता. काचेच्या आणि मग प्लॅस्टिकच्या बरण्यांनी बाजार खाल्ला, लोणचं पाकिटात आलं. थानगढ आज संडास-बेसिनच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं, सौराष्ट्रातलंच मोरबी फरशांसाठी. नळाचं घराणं फळफळलं, बरणीचं आक्रसलं.

नवी बरणी घ्यायची असेल किंवा जुनी पारखायची असेल तर ती उलटी करा. बुडाच्या कोऱ्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब तसाच राहिला तर माती पूर्ण भाजलेली आहे. लगेच शोषला गेला तर भांडं कमी आचेचं, ते फुलांना ठेवा, खाराला नको. भडक रंगांची, नक्षीची भांडी आंबट पदार्थांना वापरू नका. आतल्या झिलईला जाळीदार चिरा गेल्या असतील तर त्यात पीठ-मीठ ठेवा. आणि थेंब टिकत असेल, आतला भाग धड असेल, तर तपकिरी-पांढरी जुनी बरणी भंगारात देऊ नका. धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, हिंगाची धुरी देऊन यंदाच्या कैऱ्या तिच्यातच घाला.